कानफाटी गेली तो हिवाळा

तूर फुलायला लागली की मी एसटीच्या खिडकीतून बाहेर बघायचं टाळते. यवतमाळहून पुसदकडे जाताना दोन्ही बाजूंची वावरं पिवळी झालेली असतात. कापूस वेचून वेचून पऱ्हाटी काळवंडलेली असते आणि मध्ये मध्ये तुरीच्या ओळी उभ्या असतात, माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेल्या. शेजारी बसलेली एखादी बाई हटकून म्हणते, "यंदा तूर लय साजरी हाय." मी मान हलवते. मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडते, पुन्हा बांधते.

खरं तर तुरीनं माझं काय वाईट केलं? मी शेतकऱ्याच्या घरातली. सोल्यांची आमटी, चुलीत तडतडणाऱ्या तुराट्या, शेंगा उकडताना घरभर पसरणारा हिरवा वास, यातच वाढले. पण एक हिवाळा असा आला की तुरीचा पिवळा रंग त्याला जाऊन चिकटला, आणि मग तो सुटलाच नाही. सहा-सात वर्षं झाली. दरवर्षी तूर फुलते आणि दरवर्षी मी त्या तांड्यावर जाऊन पोहोचते. कधी एसटीनं, कधी नुसती मनानं.

मी तेव्हा पुसदच्या पलीकडच्या एका गावी गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. गावापासून अर्ध्या तासावर बंजाऱ्यांचा तांडा, आणि तांड्याच्या डोक्यावर बरड. बरड म्हणजे ज्यात नांगर चालत नाही अशी जमीन. काळा दगड, दगडाच्या फटीतून कुसळी गवत, बोरीची झुडपं, चार-दोन पळस. नव्या माणसाला तिथं काहीच नाही असं वाटेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. नंतर कळलं, तिथं तितर होते, टिटव्या होत्या, ससे होते, एक खोकड रोज संध्याकाळी एकाच दगडावर येऊन बसायचं. आणि बरड जिथं नाल्यात उतरतं, तिथल्या दरडीत लांडग्यांचं घर होतं.

हे सगळं मला दाखवलं धनसिंगबांनी. साठी ओलांडलेला माणूस, डोक्याला विटका लाल फेटा, चाळीसेक बकऱ्या आणि त्यांच्यामागे शेरू नावाचा पिवळा कुत्रा. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. बांना आता तांड्याखाली थोडं वावर होतं, पण चालण्याची सवय रक्तातून गेली नव्हती. सकाळी बकऱ्या घेऊन बरडावर चढायचे ते सूर्य कलल्यावर उतरायचे. लांडग्यांना ते रोज शिव्या घालायचे, आणि रोज त्यांची खबरही ठेवायचे. त्यातल्या मादीचा उजवा कान टोकापासून चिरलेला होता. तिला ते कानफाटी म्हणायचे.

"हिचं घर धूर करून बुजवतोच एक डाव," ते दर हिवाळ्यात म्हणत, कारण दर हिवाळ्यात तिला पिल्लं व्हायची.

आणि त्यांची सून कविता मागून म्हणायची, "बाबा दरसाली बुजवाले जातात, अन् दरसाली काडीपेटी घरीच इसरून येतात."

कविता माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. तिचा नवरा अरविंद वणीकडे कोळशाच्या ट्रकवर होता, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा. वावर, घर, सासरा, सगळं तिच्या अंगावर. तरी ती थकलेली दिसली नाही मला कधी. मी तांड्यावर गेले की ती हातातलं काम न सोडता बोलायची, मला ताई म्हणायची, आणि निघताना माझ्या स्कूटीच्या डिकीत तुरीच्या शेंगा कोंबायची. मी नको म्हटलं की म्हणायची, "माह्या वावराची तूर हाय ताई, दुकानची नाई. खाऊन त पाहा." मला तिथं दुसरी मैत्रीण नव्हती. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर धनसिंगबा शेरूला दोरीनं ओढत दवाखान्यात आले.

तो दिवस मला मिनिटा-मिनिटानं आठवतो. लाळ्या-खुरकुताच्या लसीचा दिवस होता. अंगणात पन्नास-साठ गुरं, त्यांचे मालक, शेणाचा आणि स्पिरिटचा वास, बैलांच्या घंटा. बा रांगेच्या कडेनं पुढं आले.

"डॉक्टरीण बाई, शेरूचे डोळे आले. दोन दिवस झाले, खाऊन नाई राह्यला."

मी वाकून पाहिलं. डोळ्यांतून पू, नाकावर खपली, अंगात ताप. मला कळलं. तसलीच दोन कुत्री मी आठवड्याभरापूर्वी मोठ्या रस्त्याच्या कडेला पाहिली होती, जिथं कोणी तरी मेलेल्या कोंबड्या आणून टाकायचं आणि जिथं चार गावांची कुत्री जमायची. डिस्टेंपर. कुत्र्यांचा रोग, माणसाला होत नाही, गुरांना होत नाही. पण कुत्र्याच्या जातीतल्या सगळ्यांना होतो. कोल्हा, खोकड, लांडगा. हे सगळं मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्कही मिळाले होते.

मी शेरूला एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "बा, याला महिनाभर बांधून ठेवा. सोडू नका."

"बांधून ठेवलं तं बकऱ्यामांगं कोन जाईन?"

मागे एक बैल दावं तोडायला बघत होता. कोणी तरी मला हाक मारत होतं.

"बघा मग," मी म्हणाले, आणि बैलाकडे वळले.

एवढंच. माझ्या नोकरीतलं सगळ्यात लहान वाक्य. त्यात लांडग्यांचं नाव घ्यायला मला एक श्वास पुरला असता. बांना समजलं असतं का, त्यांनी ऐकलं असतं का, ते पुढचं. पण मी सांगितलं नाही, कारण अंगणात साठ गुरं होती आणि कुत्रं हे आमच्या खात्याच्या कामात शेवटी येतं.

शेरू पंधरा दिवस बकऱ्यांमागे बरडावर गेला. मग त्याचे मागचे पाय लटपटायला लागले आणि एका सकाळी तो गोठ्याच्या दाराशी मेलेला सापडला. तांड्यातली आणखी तीन-चार कुत्री गेली. कोणी फार बोललं नाही. कुत्रं मरतं, दुसरं येतं.

तूर तेव्हा अशीच फुलली होती. खालच्या फांद्यांना शेंगा धरल्या होत्या आणि वरच्या फांद्यांवर पिवळं झुलत होतं. सकाळी दहाच्या सुमाराला कविताचा फोन आला.

"ताई, कानफाटी तांड्यात आली हाय."

"आली म्हणजे?"

"म्हंजे बसली हाय, हापशीपाशी. लोकं काठ्या घेऊन उभे हायत. बाबा कोनाचं ऐकून नाई राह्यले. तुमी या."

मी गेले तेव्हा हापशीच्या चिखलात ती बसली होती. मी तिला त्याआधी दोनदाच पाहिलं होतं, तेही दुरून, बरडाच्या कडेवर, दगडाच्या रंगाची एक रेघ हलल्यासारखी. आता ती वीस पावलांवर होती. बरगड्या दिसत होत्या. डोळे चिकटलेले. तिचा जबडा सारखा चालत होता, काही तरी चावत असल्यासारखा, आणि तोंडाला फेस होता. तिच्या समोरून कोणाची तरी बकरी पिलासकट गेली. तिनं मान वळवली नाही.

मधोमध, तिच्यापासून दहा पावलांवर, धनसिंगबा मांडी घालून बसले होते. काठी मांडीवर आडवी.

"पिसाळली हाय ते," मागून एक जण म्हणाला. "बा, बाजूले व्हा. एका दगडात काम हाय."

"काम झालंच हाय तिचं," बा म्हणाले. "तुमी कायले हात लावता."

मी सगळ्यांना मागे केलं. बांनाही मागे यायला लावलं, कारण पिसाळलेली नाही हे मला त्या क्षणी छातीठोक सांगता येत नव्हतं. वनखात्याला फोन केला. ते निघाले. आणि मग आम्ही वाट पाहिली. मी डॉक्टर होते, पिशवीत औषधं होती, आणि माझ्याजवळ तिच्यासाठी काही नव्हतं. ऊन चढलं. ती उठली, दोनदा स्वतःभोवती फिरली, कुत्रं झोपण्याआधी फिरतं तशी, आणि आडवी झाली. मग तिचे पाय धावायला लागले. आडव्या अंगानं, जागच्या जागी, जणू ती बरडावरून धावत होती. ते थांबलं तेव्हा हापशीच्या आसपास उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणीच लगेच हललं नाही.

धनसिंगबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"माह्या आठ बकऱ्या खाल्ल्या हिनं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन एका टायमाले दोन कवाच नाई नेल्या."

दुपारी वनखात्याची माणसं आली. त्यांनी तिला गोणपाटात गुंडाळून नेलं. तपासणीतून पुढे आलं ते मी मनात आधीच ओळखलं होतं. पिसाळलेली नव्हती. कुत्र्यांचाच रोग.

त्याच संध्याकाळी, उजेड होता तोवर, आम्ही वनरक्षकासोबत दरडीकडे गेलो. मी, बा आणि कविता. कवितानं यायचं काही कारण नव्हतं, पण ती आली. दरडीच्या तोंडाशी माश्या होत्या. तीन पिल्लं मेलेली होती. चौथं त्यांच्या खाली होतं आणि हलत होतं. मुठीएवढं डोकं, मातकट लोकर, डोळे नुकते उघडलेले असतील आणि पुन्हा मिटलेले.

वनरक्षक तरुण होता. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, तुमी सांगा. मी साहेबाले इचारतो." साहेबांनी फोनवर सांगितलं, सकाळी गाडी येईल, तोवर डॉक्टरच्या देखरेखीखाली राहू द्या. पिल्लू कविताच्या पदरात होतं. वावरातनं तशीच आलेली ती, पदराला कापसाचं बोंड चिकटलेलं. घरी जाऊन तिनं बकरीचं दूध कोमट केलं, कापसाचा बोळा केला आणि थेंब थेंब त्याच्या ओठांवर पिळला. ते थोडं गिळायचं, मग त्याचाही जबडा चालायला लागायचा. टक टक टक. बारीक आवाज.

कविता त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "ताई, याच्या तोंडात काईच नाई. मंग हे काय चावून राह्यलं?"

मला शास्त्रातलं उत्तर येत होतं. मेंदू, नसा, झटके. मी नवा बोळा दुधात बुडवून तिच्या हातात दिला.

सकाळी गाडी यायच्या आधीच ते गेलं. कवितानं त्याला खाली ठेवलं नव्हतं. तिच्या मांडीवरून मी उचललं तेव्हा ते ऊबदारच होतं, पण ती ऊब तिची होती.

कानफाटीचा नर पुन्हा कोणाला दिसला नाही.

तांड्यात सुरुवातीला लोकांना बरंच वाटलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्याच्या घरी चार बकऱ्या आणि त्यातली एक जाते, त्यानं लांडग्यासाठी रडावं असं म्हणणारी मी कोण? त्या वर्षी बकऱ्या मोकळ्या सुटल्या. पोरी बरडावर बोरं वेचायला गेल्या तरी कोणी हाक मारून परत बोलावेना.

दुसऱ्या हिवाळ्यात ससे फार दिसायला लागले. मग रानडुकरं. बरडावर आधीही डुकरं होती, पण दबकून होती. पिल्लं घेऊन उघड्यावर फिरत नव्हती, नाल्याच्या झाडीत राहायची. आता ती पिल्लांची रांग घेऊन भर उजेडात बरड ओलांडू लागली. कंद उकरून उकरून त्यांनी दगडांमधली माती वर आणली आणि ती पहिल्या पावसात वाहून गेली. तिसऱ्या वर्षी मोठ्या रस्त्याकडची कुत्री वर आली. मेलेल्या कोंबड्यांवर वाढलेली, कोणाच्याच मालकीची नसलेली. दरडीत, कानफाटीच्या घरात, एका कुत्रीनं पिल्लं घातली. त्या कुत्र्यांची टोळी एका दुपारी बांच्या कळपात शिरली आणि अकरा बकऱ्या मारून गेली. खाल्ली एकही नाही. नुसत्या फाडून टाकल्या.

"याईले भूक नोती," बा मला म्हणाले. "मंग मारलं काहून?"

तितर ऐकू येईनासे झाले, कारण जमिनीवरची अंडी डुकरं आणि कुत्री मिळून संपवत होती. खोकड त्या दगडावरून कधी नाहीसं झालं ते मला नेमकं सांगताही येत नाही. तेही त्याच रोगानं गेलं असेल. आधी कानफाटीवरच सगळ्यांची नजर होती, खोकडाकडे कोणी पाहिलंच नाही. माणसाच्या जबड्यातला एक दात पडला की बाकीचे दात काही लगेच हलत नाहीत. ते हळूहळू त्या रिकाम्या जागेकडे कलायला लागतात, आणि मग एक दिवस लक्षात येतं की घास नीट चावता येत नाही.

मधल्या काळात मी एका प्रशिक्षणाला गेले होते. तिथं शिकवणाऱ्या बाईंनी पडद्यावर समुद्राकाठच्या खडकांची चित्रं दाखवली. मी समुद्र आयुष्यात एकदा पाहिलाय, तोही लग्नानंतरच्या सहलीत. त्या खडकांवर तारामासे असतात, पाच बोटांचे किंवा त्याहून जास्त, जांभळे, नारिंगी. दिसायला निरुपद्रवी, पण तेच तिथले शिकारी. काळे शिंपले खातात. मग त्यांच्यात एक रोग येतो. अंगावर पांढरे डाग पडतात, बोटं गळतात आणि आठवड्याभरात तारामासा चिखलासारखा विरघळून जातो. त्यानंतरचं चित्र त्याच खडकाचं होतं. सगळा खडक शिंपल्यांनी भरलेला, एकावर एक, बोट ठेवायला जागा नाही. शेवाळाचे रंग नाहीत, बारीक खेकडे नाहीत, गोगलगायी नाहीत. दुसरीकडे कुठं तरी, पाण्याच्या जरा आत, साळिंदरासारख्या काट्यांचे गोळ्यासारखे जीव माजले आणि त्यांनी समुद्राच्या तळचं शेवाळाचं उंच उंच रान मुळासकट खाऊन टाकलं. ज्याला आपण मारेकरी समजत होतो त्यानंच बाकीच्यांसाठी जागा मोकळी ठेवली होती, बाई म्हणाल्या.

सगळे वहीत लिहून घेत होते. मी लिहू शकले नाही. माझ्यासमोर काळा दगड होता आणि दगडावर डुकरांच्या खुरांचे ठसे.

नंतर माझी बदली यवतमाळला झाली. लोहाऱ्याच्या बाजूला घर मिळालं. कविताचे फोन यायचे, बहुतेक भांडी घासता घासता, मागे नळाचा आवाज. अरविंदची तब्येत, पावसाचं लांबणं, बांचा गुडघा. आणि दरवेळी डुकरं. "काल रातच्याला अर्धी ओळ पाडली ताई. शेंगा खाल्ल्या तं खाल्ल्या, झाडंच मोडून टाकतात." धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काटेरी कुपाटी घातली, जुन्या साड्या बांधल्या, डबे वाजवले. बा रात्री जागलीला जायचे, गुडघा धरून. कविता म्हणायची, "लांडगे होते तवा एक बकरी जाय. आता साल जाऊन राह्यलं." आणि मग हसायची. तिला कुठलीही गोष्ट न हसता संपवता यायची नाही.

बदलीनंतरच्या एका हिवाळ्यात सकाळी साडेनऊला फोन आला. कविताच्या नंबरावरून, पण आवाज बांचा होता.

"कविता गेली," ते म्हणाले.

"कुठं गेली?" मी विचारलं.

मी पुन्हा विचारलं, "बा, कुठं गेली कविता?" आणि दुसऱ्यांदा विचारताना मला कळलं.

ती आठच्या सुमाराला तुरीत शिरली होती. चांगलं ऊन पडलेलं. आदल्या दिवशी किती झाडं पडली ते पाहायला गेली होती. तूर माणसाहून उंच, दोन ओळींमध्ये पलीकडचं दिसत नाही. आत डुकरीण पिल्लं घेऊन बसलेली होती. कविताला ती दिसली नाही. बा धुऱ्यावर होते. त्यांनी आवाज ऐकला, धावले, पण गुडघा. मांडीची मोठी नस तुटली होती. ऑटोत घालून पुसदला नेताना, अर्ध्या वाटेत.

मी पोहोचले तेव्हा अरविंद वणीहून येऊन बसला होता. तसाच ट्रकवरून आलेला. नखांत कोळसा, डोळ्यांच्या कडांना कोळसा. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ती तुमच्यासाठी शेंगा काढून ठेवत असे." मला तिथून उठून बाहेर यावं लागलं. बाहेर आले तर समोर ती तूर. फुललेली. मधोमध एक मोडलेला पट्टा आणि त्याच्या दोन्ही अंगांना पिवळं.

लोक म्हणाले, नशीब. कोणी म्हणालं, डुकरांचा बंदोबस्त व्हायला पाहिजे. तेही खरंच आहे. एका लांडगिणीच्या मरणाला एका बाईचं मरण सरळ दोरीनं बांधता येत नाही, हे मला माहीत आहे. मधे किती तरी गाठी आहेत. वावरं नाल्यापर्यंत गेली, झाडी कमी झाली, रस्ता आला, रस्त्याकाठी कोंबड्या आल्या. तो रोग शेरूनं नेला की रस्त्याकडच्या दुसऱ्या एखाद्या कुत्र्यानं, हेही आज कोणी सांगू शकत नाही. मी स्वतःला हे सगळं पुष्कळदा समजावून सांगितलंय. ज्याला हे समजवायचं तो माणूस माझ्या आत बसून दरवेळी शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि मग विचारतो, एक श्वास लागला असता ना?

दिवसकार्य झाल्यावर मी बांपाशी बसले होते. घरात माणसं होती, आम्ही बाहेर ओट्यावर होतो. बा एकटक बरडाकडे बघत होते. नजर न वळवताच म्हणाले,

"डॉक्टरीण बाई, एक इचारू? तवा शेरूले बांधून ठेवलं असतं तं?"

इतकी वर्षं मी याच प्रश्नाला घाबरत होते. आणि मला वाटलं होतं, तो मलाच पडलाय. हा माणूस तो एकटा घेऊन रोज बरडावर चढत होता, हे मला माहीत नव्हतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. मला त्या दिवशीच कळलं होतं हे. लांडग्यांनाही होतो हे ठाऊक असून बोलले नाही हे. गर्दी होती, हे सांगितलं नाही, कारण ते कारण नव्हतं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमी बांध म्हनलं होतं. म्याच नाई बांधलं."

"एकदा म्हटलं मी. घरी येऊन पुन्हा सांगायला पाहिजे होतं."

"येऊन सांगतलं असतं तं बांधलं असतं का म्या?" त्यांनी हे मला विचारलं नाही, स्वतःलाच विचारलं. फेटा काढून मांडीवर ठेवला. "मालूम नाई. बांधलं बी असतं." आणि फेट्याची घडी करत, "मंग दोघाचंबी हाय हे."

त्या वाक्यानं माझं ओझं कमी झालं असं म्हणता येणार नाही. पण ते उचलणारं दुसरं कोणी तरी आहे एवढं कळलं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात दोन दिवसांची रजा टाकून मी तांड्यावर जाते. लशी बर्फाच्या डब्यात घेऊन जाते आणि तिथली असतील तितकी कुत्री टोचते. लोक सुरुवातीला हसायचे. आता कुत्री आधीच धरून ठेवतात. एका बाईनं विचारलं, "आता लांडगे नाईत, मंग कायले टोचता?" कुत्री जगावी म्हणून, असं मी म्हणाले.

यंदाही गेले. एसटीत बाहेर पाहिलं नाही, तांड्यावर उतरल्यावर मात्र इलाज नव्हता. अरविंद आता वणीला जात नाही, वावर तोच बघतो. त्यानं यंदा नाल्याकडच्या पट्ट्यात तूर पेरलीच नाही. ती जमीन तशीच पडून आहे.

धनसिंगबांच्या बकऱ्या आता नाहीत. पुतण्याला देऊन टाकल्या. संध्याकाळी लसीचं काम संपल्यावर ते म्हणाले, "चाला, वर जाऊन येऊ." गुडघ्यावर हात ठेवत, थांबत थांबत आम्ही चढलो. ऊन पिवळसर झालं होतं. बरड उकरलेलं, गवत पातळ, दगड उघडे पडलेले. वारा होता, बाकी काही नव्हतं.

वर पोहोचल्यावर बा उभे राहिले. म्हणाले, "माहा बाप अठी उभा राहून आवाज काढे. लांडग्याचा. तिकडून जवाब आला की समजे, कोन्त्या टेकडीवर हायत. मंग तो बकऱ्या दुसऱ्या अंगाले ने."

"तुम्हाला येतो?"

त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले, मान वर केली आणि आवाज काढला. म्हातारा आवाज, सुरुवातीला फाटलेला. मग तो सरळ झाला, लांब गेला, नाल्यावरून पलीकडच्या टेकड्यांपर्यंत. आवाज विरला तरी ते हात तसेच धरून उभे होते, कान देऊन.

थोडा वेळ काहीच नाही.

मग खाली तांड्यातून एक कुत्रं भुंकलं. त्याला ऐकून दुसरं. मग नाल्यापलीकडच्या गावातली, मग मोठ्या रस्त्याकडची. चारी बाजूंनी कुत्री भुंकत राहिली, आणि ती थांबेपर्यंत बांनी हात खाली घेतले नाहीत.

"चाला," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरायला लागले.